कोल्हापुरात दीड दिवस, सोबत ७४ वर्षांचे बाबा: कुठे जेवायचं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी नाशिकची. पुढच्या शुक्रवारी रात्री आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला येतेय, रविवारी दुपारी परत. बाबा १९६९ ते ७२ कोल्हापुरात शिकायला होते, दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहायचे. नोकरी लागल्यावर जे गेले ते गेलेच, परत पाऊल ठेवलेलं नाही. आता एकाएकी धरून बसलेत, मला एकदा तिथे जेवायचंय.

"तिथे" म्हणजे कुठे, ते त्यांना सांगता येत नाही. एक खाणावळ होती, रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली जायचं, मालकीणबाई स्वतः वाढायच्या, आणि रविवारी दुपारी पांढरा रस्सा वाटीत नव्हे तर पितळेच्या पेल्यात मिळायचा. नाव, गल्ली, काहीच आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झालीय. आई अंडंसुद्धा खात नाही. नेटवर पाहिलं तर प्रत्येक हॉटेलाच्या पाटीवर "अस्सल" लिहिलंय. तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे घालून जिथे पुन्हा पुन्हा जाता, ती ठिकाणं सांगा.

कट_जास्त
शनिवारी सकाळी फडतरे मिसळ, उद्यमनगर. लवकर जावा. उशीर केलासा तर नंबर लावून उभं राहायला लागतंय. बाकीचं भाऊबंद सांगतीलच.

तिकटीवरचा
फडतरे पावण्यांना दाखवायला. आम्ही जातो कसबा बावड्यात, बावडा मिसळ.

नववी_गल्ली
झालं सुरू. चोरगेवाले आणि खासबागवाले अजून झोपलेत वाटतं.

खासबागवाला
उठलोय. खासबाग मिसळ. विषय संपला.

चटणीभाकर
विषय कसा संपेल? ताई नाशिकच्या आहेत, म्हणजे मिसळ त्यांना शिकवायला नको. पण एक आधीच सांगतो, इथे मिसळीबरोबर तुमचा गुबगुबीत पाव येणार नाही, ब्रेडचे जाड स्लाइस येतात. नाशिकची माणसं हमखास विचारतात, "पाव नाही का?" पोरगं त्यांच्याकडे असं बघतं की जणू जेवणात चमचा मागितलाय.

स्लाइस कटात, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्यात, बुडवायचा, पण सोडायचा नाही. एका बाजूने धरून निम्मा बुडवला की तो रस्सा ओढून घेतो आणि तरी तोंडापर्यंत पोचतो. पाव बुडवला तर वरचा पापुद्रा कोरडा आणि आतला लगदा. हे माझं मत नाही, पदार्थविज्ञान आहे.

आणि कट वेगळ्या वाटीत मागा. वडिलांना मिसळीत पाहिजे तेवढाच घालता येईल.

गोदाकाठची
पदार्थविज्ञान वाचून बाबा हसले. पण पावाबद्दल नाशिककर म्हणून निषेध नोंदवते.

डॉ_पथ्य
मी हृदयाचा डॉक्टर नाही, साधा जनरल प्रॅक्टिशनर आहे, तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. तरी धाग्यावर एक गैरसमज येण्याआधीच खोडून ठेवतो. लोकांना वाटतं तांबडा म्हणजे जहाल आणि पांढरा म्हणजे पथ्याचा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. जिभेला मऊ लागतो म्हणून माणूस चार वाट्या पितो. तांबडा दोन वाट्यांतच नाकातून पाणी काढतो, आपोआप आवर बसतो.

कट_जास्त
म्हणजे डॉक्टर, तांबडा जास्त औषधी. लिहून द्या, घरी दाखवतो.

डॉ_पथ्य
वरची तर्री बाजूला काढून. हेही लिहून घ्या.

नववी_गल्ली
मटणाकडे या आता. पद्मा गेस्ट हाऊस जुनं आणि साधं, आमच्या तीन पिढ्या तिथे जेवल्यात. ओपलला बसायला ऐसपैस, वडीलधारे आणि गाडी सोबत असेल तर सोयीचं. परख, देहाती यांची नावं लोक सांगतीलच. मी पाहुण्यांना ओपलला नेतो आणि स्वतः एकटा असलो की पद्मात जातो. यावरून काय ते समजा.

तिकटीवरचा
ह्यात खाणावळ कुठं आली? ताईंनी खाणावळ विचारलीय.

परदेशी_पावणा
मी मस्कतमध्ये बसून हा धागा वाचतोय, रात्रीचे साडेअकरा, फ्रिजमध्ये फक्त दही आहे. तुम्ही लोक फार वाईट आहात.

कोल्हापुरात राहिलेल्या माणसाला बाहेर सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर मेनू कार्डावरच्या "व्हेज कोल्हापुरी"चा. त्यात कोल्हापूरचं फक्त नाव. टोमॅटोची ग्रेव्ही, फरसबी, गाजर, वर दोन सुक्या मिरच्या झोपवलेल्या. माझ्या आईने आयुष्यात एकदा हॉटेलात ती भाजी खाल्ली आणि वेटरला विचारलं, "ही कुठल्या गावची?"

मंगळवारपेठेतली_काकू
खरं आहे. कोल्हापूरचं तिखट म्हणजे जाळ नव्हे. आमच्या घरच्या चटणीत ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण भाजून घ्यायचा, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायची, वर्षभर पुरते. कांदा-लसूण चटणीत कांदा नीट भाजला नाही तर पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून सासूबाई कांदा भाजताना कुणालाही स्वयंपाकघरात बोलू द्यायच्या नाहीत. जीभ भाजली आणि बाकी काहीच कळलं नाही, तर ती हॉटेलवाल्याची चूक, कोल्हापूरची नव्हे.

ताई, तुमच्या आईचं कुणी सांगितलंच नाही. त्यांना हायवेच्या बाजूला कुठेही अख्खा मसूर आणि रोटी मिळेल, झणझणीत असतो, तेल कमी सांगा. आणि अंबाबाईचं दर्शन शनिवारी पहाटेच उरका, नंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

खासबागवाला
काकू, अख्खा मसूर सांगली-इस्लामपूरकडचा. श्रेय द्या.

मंगळवारपेठेतली_काकू
दिलं. मसूर त्यांचा, भूक आमची.

मावळतीचा_रंकाळा
संध्याकाळचं मी सांगतो. खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. चिरमुरे कुरकुरीत असतानाच संपवायची, गप्पा नंतर. ताईंच्या आईलाही चालेल, आणि तिखट कमी सांगितलं तर बाबांनाही.

लहानपणी आमचा ठरलेला क्रम असायचा. आधी केशवराव भोसले नाट्यगृहात नाटक, मध्यंतरात वडा, सुटल्यावर भेळ. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळताना मी रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, खासबाग मैदानाला लागून. सकाळी परत गेलो तर पाणी मारलेल्या लाकडाचा वास, आणि गर्दीत म्हातारे नट रडत उभे. भेळेची गाडी दिसली, पण त्या दिवशी नाही खाल्ली.

कट_जास्त
भेळेच्या धाग्यात रडवलंस भावा.

मावळतीचा_रंकाळा
विषय निघाला म्हणून. खाऊन मात्र या.

बेळगावी_कुंदा
गोड कुणी सांगणार आहे की नाही?

नववी_गल्ली
कॉकटेल. सोळंकीत.

गोदाकाठची
बाबांना आता ते चालत नाही.

नववी_गल्ली
अहो ताई, आईस्क्रीम! आमच्याकडे कॉकटेल म्हणजे काचेच्या उंच ग्लासात फळं, जेली, आईस्क्रीम असं थरावर थर. माझ्या मुंबईच्या मेव्हण्याला सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, "रात्री सगळे मिळून कॉकटेल घेऊया, मुलांनाही आणा." तो लग्न मोडायच्या बेतात होता.

तिकटीवरचा
खरं गोड म्हणजे गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर, धार समोर, ग्लास हातात, वर फेस. शेजारी तालमीतलं एखादं पोरगं एका दमात अर्धा लिटर रिचवून मिशी पुसत असतंय.

डॉ_पथ्य
धारोष्ण दूध बायपास झालेल्या ७४ वर्षांच्या माणसाने पिऊ नये. न तापवलेलं दूध तर कुणीच पिऊ नये.

तिकटीवरचा
आमचा आजा ९१ व्या वर्षी गेला, रोज कट्ट्यावर.

डॉ_पथ्य
आजोबा रोज तालमीत दीड हजार जोरही मारत असतील. ते कुणी सांगत नाही, दूध तेवढं सांगतात.

तिकटीवरचा
दोन हजार.

शाहूपुरीकर_जुना
उशिरा आलो. माझं वय ७१, म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

ताई, तुमच्या वडिलांची खाणावळ सापडेल असं मला वाटत नाही. दसरा चौक, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी या भागात त्या काळी घरगुती खाणावळी पुष्कळ. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, पुढे जातीजातींच्या आणि धर्मांच्या बोर्डिंगांची रांगच लागली, म्हणून तर कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. एवढी पोरं जेवणार कुठे? बऱ्याच बायकांनी, त्यात विधवा पुष्कळ, घरातल्या पुढच्या खोलीत पाट मांडले. पाटी नाही, नाव नाही. "मावशींकडे", "काकूंकडे" एवढाच पत्ता. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी मटण, रविवारी रात्री चूल बंद. रविवारी रात्री आम्ही शेंगदाणे खाऊन झोपायचो.

आणि तुम्ही लिहिलेला तो पितळेचा पेला. माझा अंदाज असा, तो पांढरा रस्सा नव्हताच.

कट_जास्त
आँ?

शाहूपुरीकर_जुना
विचार करा. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत दोन वेळ जेवू घालणारी बाई पस्तीस पोरांना काजू, खसखस वाटून रस्सा कुठून देणार? मटण हळद-मीठ-कांद्यावर शिजवलं की जे पाणी उरतं ते आळणी. त्यातलंच थोडं चटणीत घालून तांबडा व्हायचा, आणि उरलेलं, पिठूळ व्हावं म्हणून चिमूटभर तीळ-खोबरं वाटून लावलेलं, मिरी ठेचून टाकलेलं, जेवणाआधी पेल्यातून द्यायचे. पोट भरायची युक्ती होती ती. पेलाभर गरम आळणी प्यायलेला पोरगा मटण कमी मागतो. रंगाने पांढुरकं, म्हणून आम्हीही त्याला पांढराच म्हणायचो.

मंगळवारपेठेतली_काकू
अगदी बरोबर! माझ्या माहेरी हेच. आळणी बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला आणि दात नसलेल्याला. नारळाचं दूध घातलेला रस्सा पाहुणे आले की. आणि तो करताना दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, ढवळत राहायचं, नाहीतर फुटतो. पस्तीस माणसांच्या पातेल्यात ते सांभाळणं चेष्टा नाही.

डॉ_पथ्य
आणि आळणी गार करून वरची चरबी काढून घेतली, मीठ बेतानं घातलं, तर वाटीभराला माझी हरकत नाही. अखेर धाग्यावर एक पथ्याचा पदार्थ निघाला.

गोदाकाठची
हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मिरी होती. बरोबर. मिरी दाताखाली यायची." आणि मग माझ्यावरच रागावले, "म्हणजे ती बाई आम्हाला फसवत होती होय?" आई म्हणाली, "पन्नास वर्षं माझा रस्सा 'तसा' होत नाही म्हणून ऐकून घेतलं मी. आणि मी तर मटण करत नाही, आमटीवरून ऐकलंय."

चटणीभाकर
ताईंच्या आईंना आमचा दंडवत.

नववी_गल्ली
मटणावरून आठवलं. ताई, शनिवारी मटणाची खाणावळ शोधू नका, बरेच लोक खात नाहीत. रविवारी सकाळी बघा, मटणाच्या दुकानासमोर निवडणुकीसारखी रांग. २०१९ मध्ये ऑगस्टात पंचगंगेचा पूर, हायवे बंद, अर्धं शहर पाण्यात, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मटणाचा दर वाढला म्हणून आम्ही कृती समिती काढून आंदोलन केलं, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. पुण्यातला मित्र म्हणाला, "पुरातसुद्धा तुम्ही एवढे हवालदिल नव्हता."

बेळगावी_कुंदा
एक तक्रार मांडू का? गेल्या मे महिन्यात आम्ही आठजण एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो, नाव घेत नाही. थाळीवर लिहिलेलं "रस्सा अमर्याद". तिसऱ्यांदा मागितला तर आला तो पाण्यात तिखट कालवलेला. वाढप्या नजर चुकवत होता. मी बेळगावचा, कोल्हापूर म्हणजे निम्मं माहेर, भांडलो नाही. पण मटणाचे चार तुकडे आणि हाडंच हाडं, आणि बाहेर फोटो काढायला खुर्ची-तलवार ठेवलेली.

शाहूपुरीकर_जुना
तलवार दिसली की मी परत फिरतो.

खासबागवाला
माझी खूण सांगतो. टेबलावर कापलेला कांदा ताजा आहे का बघा, आणि भाकरी बडवायचा आवाज येतोय का ऐका. आवाज नसेल तर चपाती मागवा आणि लवकर निघा. आणि भात आजरा घनसाळ असेल तर नशीब समजा, तांबडा त्याच्यावरच शोभतो.

गोदाकाठची
आम्ही येऊन गेलो! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

शनिवारी पहाटे दर्शन, मग फडतरे. पाऊण तास रांगेत. बाबांनी कट वेगळा घेतला आणि दोन चमचे घातला. स्लाइस मी निम्मा बुडवला, पोचला तोंडापर्यंत. पदार्थविज्ञान मान्य. निषेध तूर्त मागे. आईने आदल्या रात्रीच हायवेला अख्खा मसूर खाल्ला होता, दुपारी परत तोच मागितला. संध्याकाळी भेळ, मग रंकाळ्याच्या कठड्यावर बसून राहिलो. रात्री सोळंकीत कॉकटेल, बाबांनी माझ्या ग्लासातली जेली चोरून खाल्ली. गंगावेशीत नुसतं उभं राहून बघितलं. डॉक्टर, शपथ.

रविवारी सकाळी दसरा चौकात गेलो. बाबा पुढे, आम्ही मागे. दोन गल्ल्या चुकले, तिसरीत एका जुन्या घराशी थांबले. खाली उतरायला दगडी पायऱ्या आहेत, आत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान, शटर बंद. बाबांनी पायऱ्या मोजल्या. म्हणाले, "आठ होत्या. सहाच आहेत." शेजारचे एक गृहस्थ दात घासत बाहेर आले, त्यांनी सांगितलं की रस्ता दोनदा वर उचललाय. पण इथे खाणावळ होती का, ते त्यांनाही माहीत नव्हतं, ते १९९० मध्ये राहायला आलेले. तेव्हा हीच जागा असेल असं मी म्हणणार नाही. बाबा म्हणतात हीच.

दुपारी जेवायला एका छोट्या घरगुती ठिकाणी गेलो. काकूंनी मला निरोपातून पत्ता दिला होता, इथे लिहू नका म्हणाल्यात. भाकरी बडवायचा आवाज येत होता. बाबांनी आळणी मागितलं तर वाढणाऱ्या बाईंनी आधी विचारलं, "आजारी हायसा काय?" मग वाटी आणली. बाबा म्हणाले पेल्यात द्या. पितळेचा नव्हता, स्टीलच्या पाण्याच्या ग्लासात दिलं. एक घोट घेऊन म्हणाले, "मिरी कमी आहे." त्या बाई आत गेल्या, दोन मिऱ्या ठेचून आणल्या, वरून टाकल्या.

सगळं प्यायले. मटणाचे दोनच तुकडे खाल्ले.

शाहूपुरीकर_जुना
बघा. पेलाभर प्याला की पोरगा मटण कमी मागतो.

मंगळवारपेठेतली_काकू
त्या माझ्या मावसजाऊबाई. मला फोन आला होता, "नाशिकचे एक आजोबा आले होते, मिरी मागत होते, जेवण आवडलं नाही काय?" मी म्हटलं, आवडलं म्हणूनच मागितली.

कट_जास्त
पुढच्या खेपेला आषाढात या ताई. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन गल्लोगल्लीची माणसं टेंबलाईच्या देवळाला जातात, पी ढबाकचं वाद्य वाजत असतंय, आणि घराघरांत मटण. तेव्हा हॉटेल शोधायला लागत नाही, गल्लीत उभं राहिलं तरी कुणीतरी जेवायला बोलवतंय.

डॉ_पथ्य
आधी ईसीजी काढून.

सोलापुरी_चादर
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. रविवारी चौघं गाडी घेऊन येतोय. पांढरा रस्सा कुठे चांगला मिळतो, आणि देवळाजवळ पार्किंग आहे का?

नववी_गल्ली
पार्किंग बिंदू चौकात. पहिला प्रश्न परत विचारू नका, पुन्हा बावड्यापासून सुरू होईल.

तिकटीवरचा
होऊ दे की.